यंदा खेळलेल्या गेम्सबद्दल, खरं खरं

रेड डेड रिडेम्प्शन २ पासून सुरू करतो, २०१८ चा गेम, मी आत्ता खेळतोय, हसू नका. पहिले दोन तास नुसता बर्फ आणि घोडा, मला वाटलं सोडून द्यावं, पण नंतर गेमचा हिरो आर्थर मॉर्गन असा काही डोक्यात बसतो ना की मिशन सोडून मी तासभर नदीवर मासे पकडत बसलो होतो. फक्त प्रत्येक कपाट उघडायला तो एवढा वेळ लावतो की झोप येते राव.

एल्डन रिंग मात्र माझ्याच्याने होत नाही. सुरुवातीलाच तो सोनेरी घोडेस्वार उभा असतो, मी मूर्खासारखा त्याच्याशीच भिडलो आणि मेलो, मग परत मेलो. नंतर कळलं त्याला बाजूने टाळून पुढे जाता येतं. जग सुंदर आहे, वाद नाही, पण ऑफिसवरून आल्यावर परत मार खायची हौस नाही.

स्टार्ड्यू व्हॅली एका माणसाने बनवलाय यावर विश्वास बसत नाही. आजोबांची शेती, २८ दिवसांचा एक सीझन, पाऊस आला की पाणी घालायचं टेन्शन नाही. आमच्या गावच्या शेतात मी कधी एवढं राबलो नाही, आई तेच बोलते.

आणि राजी, आपल्या पुण्यातल्या टीमचा, २०२० चा. राजस्थानी महाल, भिंतीवरची चित्रं, एक नंबर. लढाई मात्र जरा अडखळते आणि शेवट तर असा अचानक येतो की मला वाटलं गेम हँग झाला. सेलमध्ये मिळाला तर बिनधास्त घ्या.