नेरुळचं ॲक्वेरियमचं दुकान: मासे उशिरा मिळतील, पण जगतील

नव्याने प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत झाडं लावलेली माशांची टाकी, लावणार असाल, तर क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावण्याआधी नेरुळच्या या दुकानात जाऊन या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. दुकान छोटं आहे, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागतं. तरीही मी आता दुसरीकडे जाणार नाही, कारण इथले दादा टाकी तयार झाल्याशिवाय मासा विकत नाहीत.

दोन फुटी टाकी, ॲक्वा सॉइल (टाकीतल्या झाडांसाठीची खास माती), स्पंज फिल्टर, झाडं असं सगळं सामान इथूनच घेतलं. बिल होत असताना लेकीने निऑन टेट्राकडे बोट दाखवलं, तर दादा तिलाच म्हणाले, "बाळा, आज नाही. टाकी आधी मुरू दे." मग गिऱ्हाईक खोळंबलेलं असतानाही त्यांनी सगळं समजावलं. नवी सॉइल सुरुवातीचे काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांच्या जिवावर उठतात, नायट्रेट त्यामानाने सौम्य आणि झाडांच्या कामाचं. या जिवाणूंचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. आपल्याकडे पाणी कोमटच असतं, त्यामुळे हीटर लागणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. विकायला हीटर समोर मांडलेले होते, तरी.

निघताना त्यांच्या जुन्या टाकीतला, याच जिवाणूंनी भरलेला एक मळकट स्पंज टाकीच्याच पाण्यासकट पिशवीत बांधून दिला, फुकट. "वाळू देऊ नका, घरी गेल्या गेल्या फिल्टरजवळ पिळा. आणि फिल्टर कधीही नळाखाली धुऊ नका ताई, क्लोरीनने सगळे जिवाणू मरतील."

पाणी तपासून देतात, त्याचेही पैसे घेत नाहीत. स्वच्छ बाटलीत थोडं पाणी न्यायचं. अमोनियासाठी नळीत पाच मिली पाणी, दोन बाटल्यांतले आठ-आठ थेंब, हलवून पाच मिनिटं थांबायचं, मग रंगांच्या कार्डाला लावून दाराच्या उजेडात बघायचं. माझं पाणी आधी गर्द हिरवं आलं, पुढे पोपटी, मग लिंबासारखं पिवळं. अमोनिया उतरला तरी नायट्राइटची नळी जांभळीच राहिली, आणि दादांनी पुन्हा नकार दिला. ती निळी झाल्यावर अर्ध्याहून जास्त पाणी बदलायला लावलं आणि मगच सहा टेट्रा दिले. मी बारा मागत होते. सगळे सहा आजही मजेत आहेत.

आता गोगलगायी. टाकी लागून थोडे दिवस झाले आणि काचेवर मोहरीएवढे ठिपके चालायला लागले. दादांनी हात झटकले नाहीत. "आमच्या झाडांच्या टबातूनच आल्या," म्हणाले. टबातलं अनुबियासचं पान उलटं करून त्यावर मोबाइलचा टॉर्च मारला, तर पानाच्या शिरेला पारदर्शक चिकट थेंब आणि त्यात बारीक ठिपके. अंडी. अशी समोर बसून दाखवली नसती तर मला जन्मात दिसली नसती. चपट्या चकलीसारख्या त्या रॅम्सहॉर्न, लांबुळक्या टोकदार त्या ट्रम्पेट. ट्रम्पेट दिवसा मातीत दडतात आणि अंडी न घालता थेट पिल्लंच देतात.

मी औषध मागितलं, ते त्यांनी दिलं नाही. तांब्याचं औषध कोळंबीलाही मारतं, आणि मला पुढे कोळंबी ठेवायची आहे. शिवाय सगळ्या गोगलगायी एकदम मेल्या तर त्या कुजून अमोनिया पुन्हा चढतो. गोगलगायी खाणाऱ्या असॅसिन स्नेलही दुकानात होत्या, पण त्या माझ्या गळ्यात मारल्या नाहीत. रात्री काकडीची चकती सोडा, सकाळी गोगलगायींसकट उचला आणि माशांचं खाणं कमी करा, एवढंच सांगितलं. आता टाकीत मोजक्याच उरल्यात आणि गळलेली पानं त्याच साफ करतात. त्या राहू दे, असंच माझंही मत झालंय. काढलेल्या मात्र इथल्या ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानाच्या तलावात नेऊन सोडू नका.

अर्धा तारा कापला तो टबासाठी. झाडांबरोबर गोगलगायी येतील, अशी पाटी तिथे हवीच. विचारल्यावर खरं सांगतात, पण न विचारणाऱ्याचं काय? झाडं लावण्याआधी दोन-तीन तास तुरटीच्या पाण्यात ठेवून धुवायची, हेही झाडं विकतानाच सांगायला हवं. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या झाडांच्या, डब्यांत गोगलगायी नसतात, पण इथे त्यांचे प्रकार कमी आणि भाव जास्त.

पाणी तपासायचं असेल तर रविवारी जाऊ नका, दादांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मधल्या वारी संध्याकाळी जा. दुपारी दुकान बंद असतं.