ओम्नी कॅम्पर: गाडी पास, खाट नापास

बाकी गाडीचं नंतर, आधी तिच्या खालून येणाऱ्या एका आवाजाचं. मारुतीची ओम्नी व्हॅन: 796 सीसी, तीन सिलिंडर, पुढच्या सीटखाली इंजिन, मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग), 2019 मध्ये उत्पादन बंद. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. मी घेतली ती आधीच कॅम्पर केलेली, म्हणजे आत झोपता-रांधता यावं म्हणून मागची सीट काढून तिथे खाटेसाठी एमएस (साध्या लोखंडी) पाइपची फ्रेम, वर प्लाय, गादी, खाली शेगडी आणि पाच किलोचा सिलिंडर. पावसाळ्याच्या तोंडावर घेतली. पहिल्यांदाच आंबा घाट उतरून साखरप्याकडे निघालो आणि खालून ‘टक’. पुढच्या वळणावर परत ‘टक’. चढताना मात्र एकदम शांत.

आमची मंडळी म्हणाली भांडी असतील. भांडी, शेगडी, सिलिंडर, पाण्याचे कॅन, जॅक, स्टेपनी सगळं घरी ठेवून रिकामी गाडी पळवली. तरीही टक.

गॅरेजवाल्याचं निदान ठरलेलं: “साहेब, क्रॉस गेलाय.” क्रॉस म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, प्रॉपेलर शाफ्टचा सांधा; अशी गाडी म्हटली की पहिला संशय त्याच्यावरच. आणि ते अगदीच खोटं नव्हतं. एक्सलेटर सोडला-दाबला की बारीक खणखण यायची, ती नवीन क्रॉसने गेली. टक राहिला. मग मागचे शॉकअप बदलले. टक राहिला. मग पाट्याचे बुश. सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे गॅरेजसमोरचा रस्ता सपाट, त्यामुळे आवाज तिथे कधीच ऐकू यायचा नाही आणि मिस्त्री माझ्याकडे असं बघायचा की जणू बिघाड माझ्या कानात आहे.

इथपर्यंतचं दिवाळीच्या सुमारास लिहून ठेवलं होतं आणि खाली निष्कर्ष होता: ‘जुनी ओम्नी कॅम्परसाठी घेऊ नका.’ तो आता मागे घेतो.

तिसरं बिल झाल्यावर खर्च बंद केला आणि वहीत लिहायला लागलो. ओम्नीचं चाक बारा इंची. टायर धरून एका फेऱ्यात साधारण 1.7 मीटर. म्हणजे ताशी दहाच्या वेगाला दहा सेकंदांत चाकाचे सोळा-सतरा फेरे. आवाज चाकाचा, हबचा किंवा टायरमध्ये अडकलेल्या खड्याचा असता तर तेवढ्याच वेळा आला असता. प्रॉपेलर शाफ्ट तर चाकाच्या कितीतरी पट फिरतो. इथे एक टक, मग शांतता. सपाट मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रल करून पाहिलं, काही फरक नाही. (घाटात हा प्रयोग करू नका, इंजिनचा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात.) म्हणजे जे फिरतं ते सगळं संशयातून सुटलं. मग पार्किंगमध्ये जोरात ब्रेक मारला: टक. झटक्यात पुढे घेतली: टक, पण या वेळी मागून.

म्हणजे काहीतरी पुढे-मागे घसरत होतं, आणि रिकाम्या गाडीत खाटेची फ्रेम सोडली तर काहीच उरलं नव्हतं. ती सीटच्याच बोल्टच्या भोकांत आवळलेली, म्हणून कुणी हात लावला नव्हता. बोल्ट काढले, फ्रेम अंगणात आणून एका बाजूने उचलली. सर्रर्र... टक.

चौकोनी पाइप, दोन्ही तोंडं वेल्डिंगने बंद, आणि आत काहीतरी राहिलेलं. आवाजावरून वेल्डिंग रॉडचं थोटूक असावं. फ्रेम थेट पत्र्याला आवळलेली असल्यामुळे गाडीचा तळ डफासारखा वाजायचा आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, आवाज चेसिसखालून येतोय. चढावर ते थोटूक मागे जाऊन पडून राहायचं. उतारावर, वळणाआधी ब्रेक लागला की पुढे.

पाइप कापून परत वेल्डिंग करायला फॅब्रिकेशनवाल्याने जी मजुरी सांगितली, त्यात माझी पेट्रोलची टाकी भरते. मग पाइप उभा धरून थोटूक एका टोकाला आणलं, तिथे ड्रिलने भोक पाडलं आणि खिडक्या बसवणाऱ्या एका ओळखीच्याकडचा पीयू फोमचा (फुगून घट्ट होणाऱ्या फेसाचा) उरलेला अर्धा कॅन आत सोडला. खर्च एका ड्रिल बिटचा. फ्रेमखाली रबराचे वॉशरही घातले, जुन्या ट्यूबचे कापून.

आता गाडीबद्दल. चांगली आहे. थंडीत सीटखालच्या इंजिनाची ऊब मिळते, एप्रिलमध्ये तीच नको होते. पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतात. सरकता दरवाजा खडखडतो, पण तो कुठून खडखडतो ते दिसतं, त्यामुळे माझी तक्रार नाही. तयार कॅम्पर घेणार असाल तर इंजिन नंतर ऐका, आधी फ्रेम सोडवून उभी-आडवी करा आणि पाइपचं एक तोंड उघडं आहे का बघा. बंद पाइपात पाणी शिरलं तर आतून गंजतोही.

शॉकअपचे पैसे परत मागायला गॅरेजवर गेलो होतो. मिस्त्री म्हणाला, “पैसे नाहीत, पण तुमचे जुने ठेवलेत, न्या.” घेऊन आलो. ओम्नीला कुणाला हवे असतील तर सांगा, डावा अजून चांगला आहे.