पेपरचं रूप बदलायचंय: बाहेरून करून घ्यावं की घरातून?

पेपर जुनाट दिसतोय, शेजारच्या मोठ्या दैनिकाची जिल्हा आवृत्ती चकाचक आहे, जाहिरातवाले कुरकुरतायत. जिल्हा दैनिकाच्या संपादकापुढे असे दिवस येतातच, आणि मग दोन वाटा दिसतात. नामांकित डिझायनरला काम देऊन एका तारखेला अख्खा पेपर पालटायचा, किंवा आपलीच माणसं घेऊन पान-पान बदलत जायचं. मी दोन्ही पद्धतींनी पानं लावली आहेत. दोन-चार आवृत्त्यांच्या मराठी पेपरने दुसरी वाट धरावी आणि बाहेरच्या माणसाचे पैसे फॉन्ट आणि ग्रिड (पानावरच्या कॉलमांची ठरलेली आखणी) या दोनच गोष्टींवर खर्च करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या वाटेचा मोठा फायदा मात्र मान्य करायला हवा. बाहेरचा माणूस नाही म्हणू शकतो. वर्षानुवर्षं पहिल्या पानाच्या कोपऱ्यात ठाण मांडून बसलेला, कुणीच वाचत नसलेला रकाना काढायची हिंमत घरातल्या कुणाला होत नाही. बाहेरचा माणूस तो पहिल्याच बैठकीत काढतो. तारीख ठरलेली असल्यामुळे संपादकीय, जाहिरात, छपाई सगळ्यांना एका टेबलावर यावंच लागतं. ‘द हिंदू’ने १४ एप्रिल २००५ला नवं रूप घेतलं ते वृत्तपत्र डिझायनर मारिओ गार्सिया यांच्याकडून, आणि तेवढ्या मोठ्या संस्थेला ते पेललं. त्यांच्याकडे नवी पद्धत अंगवळणी पाडून घ्यायला माणसं होती.

लंडनच्या ‘गार्डियन’चं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. १२ सप्टेंबर २००५ला तो मोठा आकार सोडून बर्लिनर आकारात, म्हणजे मोठा पेपर आणि टॅब्लॉइड यांच्या मधल्या मापात आला. काम त्यांचेच क्रिएटिव्ह डायरेक्टर मार्क पोर्टर यांनी उभं केलं. अक्षरं तेवढी पॉल बार्न्स आणि ख्रिश्चन श्वार्ट्झ यांच्याकडून खास घडवून घेतली. मी म्हणतोय ती वाटणी हीच. पण त्या आकारासाठी सुमारे ८ कोटी पौंडांची नवी छपाई यंत्रं घ्यावी लागली होती, आणि १५ जानेवारी २०१८ला खर्च झेपेना म्हणून तोच पेपर आणखी लहान, टॅब्लॉइड आकाराचा झाला, छपाईही बाहेर गेली. अक्षर बदललं तर परत फिरता येतं. आकार बदलला की मशीन, कागदाचे रीळ, जाहिरातीचे दर सगळं त्याला बांधलं जातं. म्हणून कुणीही आकार बदलायचा सल्ला दिला तर आधी छपाई विभागप्रमुखाला बोलवा.

आता मराठीचा खरा प्रश्न. आमच्याकडे एकदा बाहेरच्या डिझायनरकडून टेम्पलेट, म्हणजे पानांचे तयार साचे आले. नमुन्याची पानं देखणी होती, सगळे खूश. पहिल्याच आठवड्यात दुपदरी मथळा आला: वरच्या ओळीत ‘पुरामुळे शाळा बंद’, खालच्या ओळीत ‘विद्यार्थ्यांची परवड’. वरच्या ‘मु’चा उकार थेट खालच्या ‘र्थ्यां’च्या रफारावर आणि अनुस्वारावर जाऊन बसला. दोन ओळींमधलं अंतर रोमन अक्षरांच्या हिशोबाने ठरवलेलं होतं. आमच्या पानं लावणाऱ्या ऑपरेटरने रात्री साडेअकराला हाताने ओळ खाली ओढली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने वेगळ्या मापाने ओढली. महिन्याभरात प्रत्येक पानाचं अंतर निराळं झालं. चूक ऑपरेटरांची नव्हती, डिझायनरचीही नव्हती. नमुन्याच्या पानांवर आमचे रोजचे मथळे घालून बघा असं डिझायनरला कुणी सांगितलंच नव्हतं.

‘जिल्हाधिकाऱ्यांनी’ हा शब्द घ्या. विभक्तीमुळे आपले शब्द लांबतात. हा एकटा शब्द ३६ पॉइंट मापाच्या अक्षरात आठ कॉलमी पेपरच्या एका कॉलमात मावत नाही. म्हणून ग्रिड मंजूर करण्याआधी मागच्या महिन्यातले शंभर खरे मथळे त्यात ओता. फॉन्टबाबतही तेच. बऱ्याच युनिकोड (कुठल्याही संगणकावर, वेबवर सारखंच वाचता येणाऱ्या) फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली नाही तर ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात, आणि वाचकाला ते लगेच खटकतं. ‘ऱ्य’ नीट येतो का, तेही तपासा. जुन्या फॉन्टमधला मजकूर वेबसाइटसाठी रूपांतरित करताना जोडाक्षरं मोडत असतील, तर हीच युनिकोडवर यायची वेळ आहे. ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ तर मोफतच मिळतो.

ग्राफिक्सचंही तसंच. एजन्सीची ग्राफिक्स स्वस्त आणि सुबक असतात, पण त्यांचा नकाशा देशाचा किंवा राज्याचा असतो. कोल्हापूरच्या वाचकाला पावसाळ्यात एकच आकडा हवा असतो: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० आणि ४५. या दोन रेघा कायम ठेवून रोज आजची पातळी भरलेली उभी पट्टी एकाच जागी छापली, तर शाळकरी पोरसुद्धा ती पाहून घरात सांगेल. हे काम पूल रोज बघणाऱ्या आर्टिस्टचं आहे. एक चांगला माणूस पगारावर ठेवा, त्याला सकाळच्या बैठकीत बसवा. २४ मे २०२०ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर एकही फोटो न घेता कोरोनात गेलेल्यांची नावं आणि प्रत्येकाबद्दल एखादी ओळ, एवढंच छापलं. ती कल्पनाही त्यांच्या स्वतःच्या ग्राफिक्स विभागातून आली होती.

घरातून करायचं तर वेळ लागतो, आणि मधल्या काळात पेपर अर्धा जुना, अर्धा नवा दिसतो. ते सोसावं लागतं. सुरुवात आतल्या पानांनी करा: बाजारभाव, धरणसाठा, क्रीडा. ही पानं लावणारी माणसं तयार झाली की शहराची पानं घ्या, आणि पहिलं पान सगळ्यात शेवटी. स्टाइलशीट, म्हणजे अक्षरांची आणि ओळींची ठरवून दिलेली मापं, पक्क्या करून कुलूपबंद ठेवा, आणि ओळ हाताने ओढायची मुभा कुणालाही देऊ नका, मुख्य उपसंपादकालाही नाही.

अगदी नव्या शहरात नवी आवृत्ती काढत असाल, किंवा मशीन बदलतच असाल, तर मात्र बाहेरचा डिझायनर घ्या. फक्त करारात लिहून घ्या की नवं रूप सुरू झाल्यावर पंधरा दिवस तो रात्रपाळीला, शेवटचं पान सुटेपर्यंत, ऑपरेटरच्या शेजारी बसेल.