एक्सप्लांटचे 3 लाख 15 हजार घेतले आणि कॅप्सूल आतच ठेवली, नाशिकच्या बायकांनो वाचा

ज्या बायका ब्रेस्ट इम्प्लांट काढून घ्यायचा, म्हणजे एक्सप्लांटचा विचार करतायत त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. कॅप्सूल म्हणजे गोळी नाही, इम्प्लांटभोवती शरीराने तयार केलेलं आवरण. क्लिनिकचं नाव लिहीत नाहीये कारण केस चालू आहे आणि वकिलांनी बजावलंय. माझं नाव का नाही ते सांगायला नको, सासरी अजून सगळ्यांना 'छातीतली गाठ काढली' एवढंच माहितीये आणि तसंच राहू दे.

इम्प्लांट का टाकले होते ह्याचं स्पष्टीकरण मी कुणालाच देणार नाही. 2014 ला मुंबईत टाकले, स्वतःच्या पगारातून. त्या डॉक्टरांनी इम्प्लांटची स्टिकर लावलेलं कार्ड दिलं होतं, ते मी जपून ठेवलं, आणि आज माझी केस उभी आहे ती त्या कार्डावर. तुमच्याकडे कार्ड नसेल तर आज जुन्या हॉस्पिटलला फोन करा, उद्या नाही. कंपनी, लॉट नंबर, साइज, पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, सगळं त्यावर असतं. माझे टेक्स्चर्ड म्हणजे खरखरीत होते. जुलै 2019 मध्ये अॅलर्गन कंपनीने बायोसेल टेक्स्चर्ड इम्प्लांट जगभरातून परत मागवले तेव्हा मी घाबरून कार्ड काढून बघितलं होतं, माझे त्या यादीत नव्हते, पण खरखरीत आहेत हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नंतर अंग दुखणं सुरू झालं. सकाळी बोटं मिटायची नाहीत, दिवसभर थकवा, बोलता बोलता साधा शब्द आठवायचा नाही, मी सातपूरला एका कंपनीत अकाउंट्सला आहे तर एकच इन्व्हॉइस परत परत तपासायला लागायचं. थायरॉइड, बी12, डी3, संधिवातासाठी करतात ते आरए फॅक्टर, एएनए, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका, एकाने तर सरळ झोपेची गोळी लिहिली. मग इंग्रजीत वाचत वाचत मला कळलं की जगभरात हजारो बायका हेच सांगतायत, त्याला ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस म्हणतात. हा अजून अधिकृत आजार नाही, त्याची कुठलीच टेस्ट नाही, पण अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर 2021 मध्ये इम्प्लांटसोबतच्या माहितीत ठळक चौकटीतली वॉर्निंग सक्तीची केली, त्यात ही लक्षणं आहेत, आणि इम्प्लांट जन्मभर टिकत नाहीत हेही आहे. मला 2014 ला हे कुणी सांगितलं नव्हतं.

टेस्ट नाही, डॉक्टर ऐकत नाहीत, घरी बोलता येत नाही, अशा बाईला गाठायला हे लोक टपलेलेच असतात. पद्धत तुम्हाला माहितीच आहे, आधी फ्री कन्सल्टेशन, मग एक स्वस्तातली टेस्ट, मग पॅकेज. माझी 'हेवी मेटल टेस्ट' केली, केस कापून घेतले, 12,500 रुपये. रिपोर्ट सगळा लाल. काउन्सिलर बाई माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुमच्या अंगात प्लॅटिनम साठलंय, रोज विष उतरतंय." सिलिकॉन बनवताना प्लॅटिनम वापरतात हे खरंय, म्हणून मला पटलं. पण केसांच्या रिपोर्टवरून इम्प्लांटने आजार झाला हे ठरवता येत नाही, हे मला नंतरच्या डॉक्टरांनी सांगितलं. कुणी केस मागितले तर उठून या तिथून.

मग हिशोब असा. इम्प्लांट काढायचे 1,35,000. 'एन ब्लॉक'चे वेगळे 85,000. कॅप्सूलची पॅथॉलॉजी 18,500. ऑपरेशननंतर डिटॉक्सचे सलाईन 64,000. टेस्ट धरून एकूण 3,15,000. त्यातली छापील पावती फक्त 1,35,000 ची. बाकीचे क्यूआर कोडवर, आणि क्यूआरवर क्लिनिकचं नाव नाही, कसलंतरी एंटरप्रायझेस. हे विचारलं तर म्हणाले, "आमच्याच ग्रुपचं आहे, मॅडम." अकाउंट्समध्ये असून तुला कळलं नाही का, हे मला आता जो तो ऐकवतो. अहो, दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर झोपायचंय, उपाशी राहायचंय, मुलांची सोय लावायचीय, तेव्हा कोण क्यूआरवरचं नाव वाचत बसतं? आणि मेडिक्लेममध्ये हे बसत नाही त्यामुळे विमा कंपनीचा कुणी माणूसही कागद तपासायला नव्हता.

एन ब्लॉक म्हणजे इम्प्लांटभोवती शरीराने जे पातळ आवरण तयार केलेलं असतं, कॅप्सूल, ते न फाडता इम्प्लांटसकट अख्खं काढायचं. टेक्स्चर्ड इम्प्लांटशी जोडलेला एक दुर्मिळ लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर आहे, बीआयए-एएलसीएल, तो असेल तर हे करावंच लागतं. नसेल तर सगळ्यांना लागतं असं नाही, उलट कॅप्सूल बरगड्यांना चिकटलेली असली तर फुफ्फुसाच्या आवरणाला धक्का लागू शकतो. 2022 मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात तर कॅप्सूल पूर्ण काढलेल्या आणि न काढलेल्या दोन्ही बायकांना सारखाच आराम पडलेला दिसला. मला ह्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. 'कॅप्सूल राहिली तर आजार राहिला' हे एकच वाक्य. कॅप्सूल राहू दे म्हणाले असते तर मी तेही ऐकलं असतं हो, पण काढतो म्हणून 85,000 घ्यायचे आणि काढायचीच नाही?

आता तो फोटो. ऑपरेशन झाल्यावर मी म्हटलं मला माझे इम्प्लांट आणि कॅप्सूल बघायचंय. तर म्हणे बायोमेडिकल वेस्टचा नियम आहे, देता येत नाही, फोटो पाठवतो. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर फोटो आला, हिरव्या कापडावर दोन इम्प्लांट, बाजूला गुलाबी आवरणाचे तुकडे. माझ्या नवऱ्याने मोबाईल माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "किती चकचकीत आहेत गं, दहा वर्षं आत होते असं वाटत नाही." चकचकीत! माझे खरखरीत होते. 2019 पासून मला माहीत होतं माझे खरखरीत आहेत, कार्ड कपाटात होतं, फोटो समोर होता, नवऱ्याने शब्दसुद्धा तोच उच्चारला आणि मी त्या फोटोखाली हात जोडल्याची खूण पाठवून थँक यू डॉक्टर लिहिलं. पेनकिलरच्या गुंगीत होते, छातीवर घट्ट पट्टा, श्वास अर्धा. पण तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे आणि तो दिसला की अंगाची आग होते. ऑपरेशन जेमतेम तासाभरात उरकलं, आतलं पाणी बाहेर काढायची नळी, ड्रेन, एकही लावला नाही, त्याच रात्री घरी सोडलं. 'बघा किती सफाईदार' असं आम्हालाच सांगितलं.

मग केस गळायला लागले, मुठीमुठीने. क्लिनिक म्हणे हे विष बाहेर पडतंय, सलाईन वाढवा, अजून पैसे. खरं म्हणजे मोठ्या ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस गळू शकतात आणि बहुतेकदा आपोआप थांबतात, कुठल्याही स्किनच्या डॉक्टरला विचारा. आणि त्या डिटॉक्सच्या, म्हणजे ग्लुटाथायोनच्या सलाईनने सिलिकॉन अंगातून निघतं ह्याला काहीही पुरावा नाही. इथे मात्र मी थांबले, पुढचा रुपया दिला नाही.

पुढे डावी बाजू सुजली. दुसऱ्या सर्जनकडे गेले, त्यांनी सोनोग्राफी करायला लावली. दोन्ही बाजूंना कॅप्सूल जागच्या जागी, डावीकडे आत पाणी. मी म्हटलं, डॉक्टर असं कसं, माझ्याकडे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आहे. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "तुमचं वय 52 आहे का?" नाही, माझं 41. मग त्या लॅबला फोन केला, त्या नंबरचं सॅम्पल त्यांच्याकडे आलेलंच नव्हतं. खोटा रिपोर्ट. ज्या रिपोर्टवर कॅन्सर नाही असं लिहिलंय तो खोटा. टेक्स्चर्ड इम्प्लांट असलेल्या बाईच्या छातीत उशिरा पाणी झालं तर ते पाणी काढून त्याच लिम्फोमासाठी सीडी30 ची तपासणी करायची असते, ती त्यांनी केली, निगेटिव्ह आली. पण रिपोर्ट येईपर्यंत माझ्या घरात काय वातावरण होतं ते मी इथे लिहू शकत नाही.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात भरल्या हॉलमध्ये मला विचारलं, "कसलं ऑपरेशन, मॅडम? मोठ्याने सांगा." महिला अधिकारी बोलवा म्हटलं तर बंदोबस्ताला गेल्यात. मग म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा. मग म्हणाले डॉक्टरवर गुन्हा घ्यायचा तर आधी सरकारी डॉक्टरांचा अहवाल लागतो, सुप्रीम कोर्टाचा 2005 चा निकाल आहे. तो निकाल हलगर्जीपणाबद्दल आहे! मी हलगर्जीपणा म्हणतच नाहीये, मी म्हणतेय पैसे घेऊन काम केलं नाही आणि खोटा कागद दिला, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आणि 336. हे वाचून दाखवलं तर साहेब म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" ज्यांनी अहवाल द्यायचा त्यांनी सांगितलं पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात अहवाल आणा. दवाखान्यांच्या नोंदणीच्या ऑफिसात जाऊन बसले तर साहेब सिंहस्थाच्या मीटिंगला. परत गेले तरी मीटिंगलाच. क्लार्कने अर्ज घेतला, आवक नंबर मागितला तर चिडला, आणि फाइल चाळत शेजारच्याला म्हणाला, "हौसेचं ऑपरेशन आहे." हौसेचं! बँकेतले पैसे चोरीला गेले असते तर 'हौसेने कमावले होते' म्हणाला असता का तो? कुंभमेळ्याला कोट्यवधी लोक येणार म्हणून नाशिकमधल्या आजारी बाईने दोन वर्षं गप्प बसायचं का? डॉक्टरांच्या परिषदेकडे अर्ज गेलाय, त्याची पोच तेवढी हातात आहे.

पोलीस घेत नसतील तर बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे वरिष्ठांना रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवा, तरी नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. ग्राहक आयोगात ई-जागृती ह्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येतं, पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेला फी नाही, पण मुदत दोनच वर्षं आहे, ऑफिसांच्या पायऱ्या झिजवण्यात ती घालवू नका. आणि केस पेपर लेखी मागा, मागितल्यापासून 72 तासांत द्यायचा नियम आहे, तीन वर्षं रेकॉर्ड ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. मला मिळालेल्या ऑपरेशन नोटमध्ये 'कॅप्सूल काढली' असा शब्दच नाही! त्यांनी स्वतःच लिहून दिलंय.

माझं पाणी परत परत भरत होतं म्हणून दुसऱ्या सर्जनने पुन्हा ऑपरेशन करून दोन्ही कॅप्सूल काढल्या, 1,60,000, एकच पक्कं बिल. अडीच तास लागले. दोन्हीकडे ड्रेन होते, त्यातलं पाणी नवरा रोज मोजून वहीत लिहायचा. सहा आठवडे जड उचलायचं नाही सांगितलं होतं, कुकर आणि पिठाचा डबासुद्धा नाही, आणि हात खांद्याच्या वर नाही, तर वेणी नणंदेने घातली. हिला मी खरं सांगितलं होतं, तिने घरात कुणाला कळू दिलं नाही. कातडी सैल पडलीय, आरशात बघायला वेळ लागला. सकाळची बोटं आता बरीच मोकळी असतात, थकवा कमी आहे, पूर्ण गेलेला नाही. ह्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की काहींना आराम पडतो, काहींना नाही, मी वचन देणार नाही. असं बोलणारा डॉक्टर शोधा.

ऑपरेशनआधी लेखी घ्या: कॅप्सूल किती काढणार, ती कुठल्या लॅबला जाणार. फोटो त्यांच्या मोबाईलमधला नको, इम्प्लांटवरचा नंबर कार्डाशी जुळवून दाखवा म्हणा. इम्प्लांटमुळे काही झालं असेल तर वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी घेणाऱ्या भारत सरकारच्या मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅमला कळवा, फोन 1800-180-3024, रुग्ण स्वतःही करू शकतो, तिथले लोक माझ्याशी तरी नीट बोलले.

आणि ज्यांचं एक्सप्लांट नाशिकमध्ये झालंय आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पीडीएफमध्ये आलाय, त्यांनी आजच रिपोर्ट उघडून वय, तारीख आणि सॅम्पल नंबर बघा आणि लॅबला स्वतः फोन करा, क्लिनिकमार्फत नाही. लॅब तपासलेल्या तुकड्याचे नमुने, ब्लॉक आणि स्लाइड, ठेवते, ते मागा. नंबर त्यांच्याकडे नसेल तर तसं लॅबकडून ईमेलवर लेखी घ्या, माझ्या केसमध्ये सगळ्यात जास्त वजन त्याच ईमेलला आहे.