कडा छाटलेला हिरोशिगे

जुन्या जपानी काष्ठमुद्राचित्रांची आवड असणाऱ्या आणि तोक्योत राहून ती विकत घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहीत आहे. तोक्योतील (तेव्हाच्या एदोतील) शिन-ओहाशी पुलावर अवचित कोसळलेल्या सरीचे, जपानी चित्रकार हिरोशिगेने १८५७ साली केलेले प्रसिद्ध चित्र ‘अस्सल एदोकालीन छाप’, म्हणजे १८६८ पूर्वी छापलेली प्रत, असे सांगून एका विक्रेत्याने मला साडेतीन लाख येनांना विकले. ती विसाव्या शतकात नव्याने कोरलेल्या ठशांवरची प्रत निघाली.

अशी प्रत, म्हणजे फुक्कोकु, काढण्यात गैर काही नाही. कुशल कारागीर ती हातानेच कोरतात, हातानेच छापतात आणि प्रकाशक बहुधा आपले नाव समासात छापतो. लबाडी सुरू होते ती हा समास कापण्यापासून. या चित्राच्या मूळ प्रतींवर सरकारी परवान्याचे व प्रकाशकाचे शिक्केही समासातच असत आणि संग्रहवहीत चिकटवण्यासाठी कडा छाटलेली अस्सल चित्रे खरोखरच पुष्कळ आढळतात. त्यामुळे ‘जुन्या मालकाने कडा छाटल्या, म्हणूनच एवढ्या स्वस्तात’ हे विक्रेत्याचे म्हणणे कोणालाही पटावे असे होते. शिवाय ‘जतनासाठी’ म्हणून मागे जाड कागद डकवलेला होता, म्हणजे ज्या पाठीवरून कागदाचे वय आणि आरपार उतरलेला रंग पाहायचा, तीच झाकलेली. कागदाचा पिवळेपणा मात्र चहात बुडवून काढल्यासारखा सर्वत्र सारखा होता.

भिंगातून यांत्रिक छपाईचे ठिपके शोधावेत, हा नेहमीचा सल्ला येथे कुचकामी ठरतो, कारण हातछपाईत ठिपके नसतातच. छडा लागला तो पावसाच्या रेषांवरून. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांनी आपल्याकडील प्रतींची छायाचित्रे खुली ठेवली आहेत. ठसा झिजला तरी रेषेची जागा बदलत नाही. पण पुन्हा हाताने कोरताना इतक्या बारीक रेषा पुलाच्या कठड्याला नेमक्या त्याच ठिकाणी छेदतील, हे जवळजवळ अशक्य. तोक्योतील जिम्बोचो या जुन्या पुस्तकांच्या बाजारातील एका जुन्या दुकानदारांनी माझी प्रत आणि संग्रहालयातील छायाचित्र शेजारी ठेवून हाच फरक दाखवला.

पैसे परत मिळाले नाहीत. पावतीवर केवळ ‘हिरोशिगे, काष्ठमुद्रा’ एवढेच लिहिलेले होते आणि फुक्कोकुलाही ते वर्णन लागू पडते, असे विक्रेत्याने अत्यंत नम्र भाषेत कळवले. जिम्बोचोच्या त्या दुकानात पावतीवर छपाईचा काळ, प्रकाशक आणि समासाची स्थिती न मागता लिहून मिळते.