होडीचा घडीचा नांगर (3.2 किलो, चार पाती): दिवाळीपासून वापरल्यावरचा अनुभव

गेल्या आठवड्यात याची कडी पाण्यात सुटली, म्हणून लिहायला बसलो. दांड्यावरची आट्यांची कडी खाली फिरवून आवळली की चारही पाती उघडी राहतात. ती सुटली की पाती मिटतात आणि नांगर काही कामाचा राहत नाही. 3.2 किलो वजन होडी धरतच नाही. पातं तळात रुततं, आडवी ओढ बसली की आणखी रुततं, त्यावर होडी थांबते.

माझा वापर पंचगंगेत. बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबतं, तिथं आम्ही दोघं फायबरच्या होडीतून गळ टाकतो. दुपारी वारा सुटला की होडी इकडून तिकडं फिरते, तळाशी नांगरही वळतो आणि कडी आटा-आटा सैल होते. नवी असतानाच ती खडखडत होती. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला तर उत्तर आलं, "सर, ही नॉर्मल झीज आहे, वॉरंटीत बसत नाही." नव्या मालाला कसली आलीय झीज?

सोबतचा दोर 10 मीटर. पाणी 3 मीटर, होडीचं टोक त्याच्या अर्धा मीटर वर. नुसत्या दोरावर या उंचीच्या सातपट, म्हणजे जवळपास 25 मीटर सोडावा लागतो. नांगर उपटताना आपण होडी बरोबर त्याच्या डोक्यावर नेऊन दोर उभा ओढतो. आखूड दोर असला की वारा तेच काम करतो. त्यात हा दोर तरंगणारा, तळाशी बसतच नाही!

हिवाळ्यापर्यंत मी सगळ्यांना "घेऊ नका" सांगत होतो. मग कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून 8 मिमीची 2 मीटर जस्ती साखळी आणि 30 मीटर नायलॉन दोर आणला, आणि मत बदललं. साखळी तळावर पडून राहते, त्यामुळं नांगराला ओढ आडवी बसते. नायलॉन ताणला जाऊन झटके पचवतो. काठावरचं जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर) आणि मागची बाभळ एका रेषेत धरून बसलो. भर वाऱ्यात होडी डोलत राहिली, पण रेष सोडून गेली नाही. फार बरं वाटलं.

तरी कडी सुटलीच. शेवटी उद्यमनगरात लेथवर घट्ट आट्यांची नवी कडी करून घेतली, आडवा स्टीलचा बोल्ट मारला. आता हलत नाही. पण हा खर्च गिऱ्हाइकानं का करायचा?

तळाला दगड-कपारी असतील तर हा नांगर घ्या, पाती छान अडकतात. निव्वळ गाळ असेल तर डॅनफोर्थ पद्धतीचा, दोन रुंद सपाट पात्यांचा बघा. दुसऱ्या महायुद्धात सैन्य उतरवणाऱ्या होड्यांवर तोच असायचा. गाळात त्याची पकड याच्यापेक्षा कितीतरी चांगली.

तीन तारे देतोय. कडी बदलून दिली तर चौथा देईन.