मारिओ एवढा घाईत का पळतोय? फॅमिकॉमचे इम्युलेटर, आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्यात सांगलीच्या घरचा माळा आवरताना आईने एक खोकं खाली दिलं आणि विचारलं, "हे ठेवायचं की भंगारात?" आत लाल-पांढरा व्हिडिओ गेम, दोन रिमोट, एक बंदूक आणि सहा कॅसेटी. (कार्ट्रिज वगैरे शब्द नंतर आले. आमच्याकडे ती कॅसेटच, आणि लागली नाही तर तिच्यात फुंकर मारायची.) हे यंत्र म्हणजे निन्टेन्डोने जपानात १५ जुलै १९८३ ला काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर त्याला 'व्हिडिओ गेम' याशिवाय दुसरं नावच नव्हतं.

अडॅप्टर जळालेला होता, म्हणून इम्युलेटरकडे वळलो (म्हणजे जुन्या यंत्राचं काम कॉम्प्युटरवर करून दाखवणारं सॉफ्टवेअर). तेव्हापासून चार वापरले: एफसीईयूएक्स, नेस्टोपिया, मेसेन आणि रेट्रोआर्च. निम्मा वेळ दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर (आय थ्री, ४ जीबी रॅम), निम्मा हॉलमधल्या टीव्हीवर. सोबतीला नववीतला भाचा.

पहिल्याच रात्री घोळ झाला. एफसीईयूएक्समध्ये सुपर मारिओ लावला आणि पहिल्या दहा सेकंदांत खड्ड्यात पडलो. पुन्हा पडलो. मारिओ पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा पळत होता, गाणंही घाईत वाजत होतं. भाचा म्हणाला, "मामा, तुमचं वय झालं." मलाही तसंच वाटलं. इम्युलेटर बदलून पाहिला, तरी तेच. दोन महिने मी मुकाट्याने तोच वेग धरून बसलो होतो, कारण सगळीकडे लिहिलेलं होतं की हाच 'अचूक' आहे.

कोड्याचं उत्तर टीव्हीत होतं. जपान-अमेरिकेतले जुने टीव्ही एनटीएससी पद्धतीचे, सेकंदाला साधारण ६० वेळा चित्र काढणारे. आपल्याकडचे पाल पद्धतीचे, ५० वाले. या गेममध्ये वेळ सेकंदात मोजलेली नसते, चित्रांच्या म्हणजे फ्रेमच्या हिशेबात असते. त्यामुळे ५० च्या टीव्हीसाठी बनवलेल्या नकलेत ६० साठी लिहिलेला गेम घातला, की तो सहाव्या हिश्शाने रेंगाळतो. आपण सगळे त्या रेंगाळणाऱ्या मारिओवर लहानाचे मोठे झालो.

खात्री करायची म्हणून गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडून अडॅप्टर करून घेतला आणि मामेभावाकडचा जुना डबा टीव्ही आणला. तपासणी सोपी आहे, कोणीही करावी. पहिल्या स्टेजला मारिओला जागेवरच उभा ठेवायचा आणि कोपऱ्यातला टाइम ४०० वरून ३०० ला येईपर्यंत मोबाइलवर स्टॉपवॉच लावायचं. तिथला एक आकडा २४ फ्रेमना उतरतो, म्हणजे शंभर आकड्यांना २४०० फ्रेम. इम्युलेटरवर ४० सेकंद लागले. आमच्या खोक्यावर ४८. त्या क्षणी माझं वय परत दहा झालं, आणि भाच्याला मी ते आकडे दाखवायला विसरलो नाही.

मग सेटिंगमध्ये 'पाल' निवडलं. स्टॉपवॉच बरोबर ४८ वर आलं, पण गाणं चक्क खाली उतरलं, पेटीवाल्याने काळी दोन सोडून पांढरी दोनपेक्षाही जरा खाली धरावी तसं. निन्टेन्डोच्या युरोपातल्या अस्सल यंत्रात प्रोसेसरच हळू आहे: १.७९ ऐवजी १.६६ मेगाहर्ट्झ. सूर त्या घड्याळावर ठरतात, म्हणून सूरही पडतात. आमच्या खोक्यात तर सूर जागेवर होते, फक्त लय धीमी होती.

तिसरा पर्याय असतो 'डेंडी'. डेंडी ही १९९२ मध्ये रशियात निघालेली फॅमिकॉमची नक्कल, तिकडे प्रचंड गाजलेली. तिच्यातल्या चिप बनवणाऱ्यांनी मधला मार्ग काढला होता. चित्रं ५०, पण प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे मुळाच्या अगदी जवळ. ५० च्या टीव्हीवरच्या जास्तीच्या रेषा चित्र संपल्यावर नुसत्या वाट पाहण्यात घालवायच्या, म्हणजे ६० साठी लिहिलेले गेम बिघडत नाहीत. डेंडी निवडलं आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हां, हेच वाजायचं." आईचं प्रमाणपत्र मी कुठल्याही अचूकता चाचणीपेक्षा वर धरतो.

तरी थोडं काहीतरी कमी होतं. आमच्या खोक्याचा आवाज जास्त खरखरीत, आणि उडीचा 'टुइंग' वेगळाच. त्याचंही कारण आहे. फॅमिकॉमच्या चौकोनी लहरींचे रुंदीचे ठरावीक प्रकार असतात, आणि बऱ्याच नकली चिपांमध्ये त्यातल्या २५ आणि ५० टक्क्यांची अदलाबदल झालेली असते. एफसीईयूएक्स आणि मेसेन या दोघांतही ही अदलाबदल मुद्दाम करण्याची खूण आहे. ती टिचकी मारली आणि आमचं खोकं बोलू लागलं. नेस्टोपियात डेंडी आहे, पण ही खूण मला सापडली नाही, आणि माझ्यापुरता तो तिथेच मागे पडला.

आता एकेकाचं.

एफसीईयूएक्स जुना गडी आहे. दिसायला २००४ च्या सॉफ्टवेअरसारखा, मेनूंवर मेनू, पण जुन्या लॅपटॉपवर पंखासुद्धा फिरत नाही. त्यात 'जुना पीपीयू' आणि 'नवा पीपीयू' असे दोन पर्याय आहेत (पीपीयू म्हणजे चित्र काढणारी चिप). जुना हलका, नवा जास्त काटेकोर. मारिओ, टँक, काँट्रा यांना जुना पुरतो. खरी मजा त्याच्या हत्यारांत आहे. भाच्याने रॅम सर्च (गेमच्या मेमरीत एखादा आकडा कुठे ठेवलाय ते शोधणारं हत्यार) उघडून मारिओच्या लाइफ शोधून काढल्या, तो प्रसंग सांगण्यासारखा आहे. पडद्यावर तीन लाइफ, म्हणून त्याने ३ शोधलं. मारिओ मारला, २ शोधलं. काहीच जुळेना. अर्धा तास वैतागला. मग त्याच्या डोक्यात आलं की आतमध्ये एक कमी धरत असतील. २ शोधलं, मारिओ मारला, १ शोधलं, आणि यादीत मोजके पत्ते उरले. पुढच्या मरणाला एकच राहिला: ०७५ए. त्याने तिथे मोठा आकडा गोठवून टाकला. त्यानंतर त्याला मारिओ खेळण्यात रस उरला नाही, पण शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना तो हेक्स म्हणजे काय ते विचारून आला. यंत्राची एकूण रॅम २ केबी आहे हे त्याला अजूनही पटत नाही.

नेस्टोपियाबद्दल फार सांगण्यासारखं नाही आणि ते कौतुकानेच म्हणतोय. मूळ लेखकाने २००८ च्या सुमारास काम थांबवलं, दुसऱ्यांनी 'अनडेड एडिशन' नावाने तो जिवंत ठेवला. उघडा, गेम लावा, खेळा. बहिणीला सेटिंगमध्ये शिरायचं नसतं, तिच्या लॅपटॉपवर हाच टाकून दिलाय.

मेसेन हा यातला खरा पैलवान. अचूकतेत याच्या तोडीचे फार थोडे. आता मेसेन २ मध्ये फॅमिकॉमसोबत सुपर निन्टेन्डो, गेमबॉय वगैरेही एकाच खिडकीत येतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो उघडायला चांगला वेळ घेतो आणि पहिल्यांदा डॉटनेट (मायक्रोसॉफ्टचं एक पूरक सॉफ्टवेअर) मागून अडून बसला होता. पण एकदा सुरू झाला की तक्रारीला जागा नाही. त्याची एक गोष्ट मला फार आवडली. मूळ यंत्राला एका आडव्या रेषेवर आठच स्प्राइट (हलणारी छोटी चित्रं) काढता येतात, त्यापुढचे गायब. काँट्रात 'एस' गन घेऊन झोडपायला लागलं की गोळ्या लुकलुकतात त्या याच कारणाने. ही मर्यादा उठवण्याची सोय बहुतेकांत आहे, पण काही गेम ही मर्यादा मुद्दाम वापरतात, एखादं चित्र अर्धवट झाकायला. तिथे मर्यादा उठवली की झाकलेलं उघडं पडतं. मेसेनला सांगता येतं की जिथे लागेल तिथे तुझी तू मर्यादा परत लाव. मी शेवटी लुकलुकणंच ठेवलं, ती गोष्ट वेगळी.

मेसेनचं रिवाइंड मात्र मी बंद केलंय. बॅकस्पेस दाबून धरला की मेलेला मारिओ खड्ड्यातून उलटा वर येतो. एका संध्याकाळी भाचा आठव्या वर्ल्डपर्यंत पोचला आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आम्ही काँट्राच्या तीस लाइफसाठी वर-वर-खाली-खाली असा बटणांचा क्रम पाठ केला होता, तरी शेवटच्या स्टेजला घाम फुटायचा.

काँट्रावरून आठवलं. शाळेतला एक मित्र शपथेवर सांगायचा की त्याच्या कॅसेटमध्ये स्टेजच्या आधी नकाशा दिसतो, झाडं हलतात आणि बर्फाच्या स्टेजला बर्फ पडतो. आम्ही त्याला वर्षभर थापाड्या म्हटलं. तो खरं बोलत होता. १९८८ च्या जपानी काँट्रात हे सगळं आहे, अमेरिकी आवृत्तीत नाही. त्याच्या कॅसेटमध्ये जपानी होता, आमच्यात अमेरिकी. मेसेनवर दोन्ही शेजारी लावून मी त्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं: "तीस वर्षं लागली तुला."

रेट्रोआर्च हा स्वतः इम्युलेटर नाही, इम्युलेटर बसवायचा सांगाडा आहे. आत 'कोअर' घालायचे: नेस्टोपिया, जुना मेसेन, एफसीईयूएमएम. त्याचा मेनू म्हणजे मंगळवार पेठेतली गल्ली, एकदा आत गेलात की भलत्याच चौकात बाहेर पडता. दोनदा कंट्रोलरचं सेटिंग जतन न करता बाहेर पडलो आणि पुन्हा पहिल्यापासून. पण फोनवर याला पर्याय नाही. फुकट, जाहिराती नाहीत. त्याआधी फोनवर एक दुसरं अ‍ॅप टाकलं होतं, ते प्रत्येक सेव्हनंतर कर्जाची जाहिरात दाखवायचं.

रेट्रोआर्चची खरी करामत 'रन-अहेड'. बटण दाबल्यावर मारिओ उडेपर्यंत गेम स्वतःच एखादी फ्रेम घेतो, वर टीव्हीचा उशीर वेगळा. रन-अहेडमध्ये इम्युलेटर पुढची फ्रेम गुपचूप चालवून आधीच दाखवतो आणि पुन्हा मागे येतो. एकच फ्रेम ठेवा. दोन केल्या तर मारिओच्या उडीची पहिली हालचालच गिळली जाते. मेसेनमध्येही ही सोय आहे.

डेंडी लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. लॅपटॉपचा पडदा ६० वर चालतो. त्यावर ५० चित्रं दाखवली की दर काही फ्रेमनी एक दोनदा दिसते आणि पळताना मागची झाडं अडखळतात. मी आधी इम्युलेटरला शिव्या घातल्या. टीव्ही एचडीएमआयने जोडून विंडोजमध्ये त्याचा वेग ५० वर आणला, तेव्हा कुठे चित्र लोण्यासारखं सरकलं. टीव्हीवर गेम मोडही लावा. आणि दोघांनी एकाच कीबोर्डवर टँक खेळू नका. साध्या कीबोर्डला एका वेळी तीन-चार बटणं नीट कळत नाहीत, माझा टँक गोळी मारायला लागला की भाच्याचा थांबायचा. एक दिवस हाणामारीची वेळ आली होती. स्वस्तातला यूएसबी कंट्रोलरही घेतला, त्याचं उजवं बटण तीन महिन्यांत बसलं. दुसरा जरा महागातला घेतला, तो टिकलाय.

बंदुकीचं काय, असं सगळेच विचारतात. बदकांचा गेम इम्युलेटरवर माउसने चालतो आणि अगदी मिळमिळीत लागतो. खरी बंदूक सपाट टीव्हीवर चालतच नाही, ती जुन्या काचेच्या टीव्हीच्या चित्राचा नेमका क्षण पकडून काम करते.

गेमच्या फाइली कुठून आणल्या हे विचारू नका आणि मलाही मागू नका. माझ्या कॅसेटी मित्राच्या यंत्रातून वाचून घेतल्या, त्यांच्या ६० पिनांसाठी वेगळा जोड लागला. फाइलीच्या सुरुवातीला १६ बाइटचा मथळा असतो, त्यात कॅसेटमध्ये कुठल्या प्रकारची सर्किट आहे त्याचा क्रमांक असतो. तो चुकला की चांगला गेमही रांगोळी फिसकटल्यासारखा दिसतो. मारिओ साधाच, मथळ्यासकट ४०,९७६ बाइट, पहिल्या फटक्यात लागला. काँट्रालाही त्रास झाला नाही.

'९९९९९९९ इन १' मात्र आठ महिने झाले तरी उघडलेली नाही. मेनू येतो, गाणं वाजतं, यादी खाली-वर सरकते, आणि गेम निवडला की करडा पडदा. चारही इम्युलेटरांत तेच. त्या एका कॅसेटसाठी खोकं अजून टीव्हीच्या कपाटात आहे, नव्या अडॅप्टरसकट, आणि तिच्यात अजूनही फुंकर मारावी लागते.